भाट्याचा चढ, गंजलेली चेन आणि साइड : सायकलचे नऊ महिने

गेल्या मंगळवारी संध्याकाळी रत्नागिरीहून परतताना झरी विनायकाचं देऊळ मागे टाकून भाट्याचा चढ निम्मा चढले आणि खाड्कन चेन तुटली. वर पाऊस, अंगात रेनकोट, पिशवीत डबा. उरलेले सहा किलोमीटर सायकल ढकलत गोळपला घरी पोचले. त्याच रात्री हे लिहायला घेतलं.

सायकलची माहिती थोडक्यात देते. सोळा-साडेसोळा हजारांतली सात गिअरची हायब्रिड, स्टीलची फ्रेम, व्ही-ब्रेक. दसऱ्याला घेतली. गोळप ते रत्नागिरी एका बाजूने अकरा किलोमीटर, आठवड्यातले चार दिवस, एकूण २,८०० किलोमीटर झाले.

घेतली ती व्यायामासाठी नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्या वाडीच्या रस्त्यावर एक प्रकार झाला. दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे, म्हणजे कुंपणाच्या भिंती, मधून एकच गाडी जाईल एवढी वाट. मी उतारावरून खाली येत होते आणि समोरून एक गाडी चढत होती. मागे कोणी घ्यायचं, एवढाच प्रश्न होता. माझ्या मागे वीस पावलांवर गाडी वळवायला जागा होती, तरी मी इंजिन बंद केलं आणि बसून राहिले. तो मुलगा खाली उतरला, म्हणाला, "वहिनी, जरा मागे घ्या ना, मला चढावर रिव्हर्स जमत नाहीये." मी काच वर केली. शेवटी त्यानेच कशीबशी गाडी मागे घेतली, तेव्हा तिचा आरसा गडग्याला घासला. दुसऱ्या दिवशी कळलं, त्याची आई डायलिसिस करून परत येत होती. मागच्या सीटवर आडवी होती म्हणून मला दिसली नाही.

घाटात, चढावर दोन गाड्या मावत नसतील तर उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यायची, हा नियम १९८९ पासून लिहिलेला आहे. लायसन्सच्या परीक्षेत मी त्याचं बरोबर उत्तर दिलं होतं.

असं त्या एकाच दिवशी झालं नव्हतं. समोरच्या गाडीची पाटी बघून माझं डोकं तापायचं. एमएच १२, १४ किंवा ०९, म्हणजे पुण्या-कोल्हापूरकडची दिसली, की त्याने काही करायच्या आधीच माझा हात हॉर्नवर. सुट्टीच्या दिवशी आरे-वारे रस्त्याने जायचं म्हटलं तर घरातून निघतानाच जबडा आवळलेला असे. मागे बसलेली मुलगी तर गाडीत बोलेनाशीच झाली होती.

सायकलवर पहिल्या पंधरा दिवसांत जाणवलं, की साइडचं भांडणच उरत नाही. गडग्याला टेकून उभं राहिलं की समोरचा निघून जातो. जाताना बहुतेक जण हात वर करतात, रिक्षावाले तर हमखास. गाडीत मला माणसांचे चेहरे दिसत नव्हते, पाट्या दिसत होत्या. सायकलवर पाटी दिसते ती गाडी पुढे गेल्यावर. दुपारनंतर वायव्येकडून समुद्राचा वारा सुटतो, तो परतीच्या वाटेवर पाठीला लागतो. ऑक्टोबर ते मे गोळपच्या सड्यावरून, म्हणजे कातळाच्या पठारावरून, त्या वाऱ्यात घरी येणं हा माझ्या दिवसातला सगळ्यात चांगला अर्धा तास होता. जूनपासून वारा नैऋत्येचा, म्हणजे परतताना थेट तोंडावर. भाट्याच्या पुलावर तर तो सायकल कडेला लोटतो. तरीही मी गाडीकडे वळले नाही.

नाताळच्या आठवड्यात मात्र मत डळमळलं. एका पर्यटकाच्या गाडीने पुलावर माझ्या कोपरापासून वीतभर अंतरावरून ओव्हरटेक केलं आणि आतून कोणीतरी ओरडलं. मी हँडल सोडून हात उगारला. राग पूर्वीइतकाच होता, फक्त आता हातात हॉर्न नव्हता. त्यानंतर दोन जानेवारीपर्यंत मी एसटीनेच गेले. हातखंब्याकडे, हायवेला काम असेल तर आजही गाडीच काढते. ट्रक आणि टँकरच्या रांगेत सायकल घालण्यात काही अर्थ नाही.

आता चेनबद्दल. ह्या सायकलबद्दल मला जे म्हणायचं आहे ते जवळजवळ सगळं चेनबद्दलच आहे.

पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तसंच चेनवर होतं. किनाऱ्याच्या हवेतलं मीठ चेनवर बसतं, ओलावा ओढून घेतं आणि पाऊस नसतानाही चेन रात्रभर ओली राहते. माझी सायकल पडवीत, पश्चिमेच्या वाऱ्याला तोंड करून उभी असायची. तीन आठवड्यांत चेनवर तांबडी पूड आली. सासूबाई म्हणाल्या म्हणून खोबरेल लावलं, तर डिसेंबरच्या पहाटे ते थिजलं आणि चेन कड्या-कड्यांनी अडकायला लागली. मग शिलाई मशीनचं तेल लावलं. ते पहिल्या सरीत धुऊन गेलं. मग जाड तेल भरपूर लावलं आणि ती सगळ्यात मोठी चूक ठरली. सड्यावरची तांबडी धूळ त्या तेलात कालवली जाते आणि तिची पॉलिश पेपरसारखी पेस्ट होते. तीच चेनची पिन आतून खाते. ह्या मॉडेलला चेन कव्हर नाही, त्यामुळे दोन सलवारी काळ्या झाल्या, ते वेगळंच.

इथपर्यंत मंगळवारी रात्री लिहिलं होतं आणि खाली वाक्य होतं, "राग गेला, पाच स्टार." शनिवारी जिथून सायकल घेतली त्या दुकानात जाऊन आले. ते वाक्य खोडलं आहे.

एक वर्षाची वॉरंटी आहे. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, गंज वॉरंटीत बसत नाही." मी म्हटलं, तुम्ही समुद्राच्या गावात सायकल विकता, तर समुद्राच्या हवेत टिकेल अशी चेन द्या किंवा विकतानाच सांगा. तो म्हणाला, "साहेबांना पाठवा, त्यांना समजावून सांगतो." त्यानंतर मी जे बोलले ते अख्ख्या दुकानाने ऐकलं. आवाज तोच होता, गडग्यांच्या मधल्या त्या दिवसाचा. माझी तक्रार रास्त होती आणि आजही आहे. आपल्याकडच्या बऱ्याच सायकली लुधियानात बनतात, तिथे समुद्र नाही, पण इथल्या विक्रेत्याला तर आहे! निकेलचा मुलामा दिलेली चेन मिळते, साध्या चेनपेक्षा दोन-अडीचशे रुपये महाग. ती आधीच दाखवली असती तर मी पैसे दिले असते. पण त्या मुलाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आज सकाळी जाऊन त्याची माफी मागितली. तक्रार लेखी दिली ती मालकाला.

सायकल दुरुस्त झाली राजिवड्याजवळच्या एका जुन्या मिस्त्रींकडे. त्यांनी आधी स्टीलची पट्टी काढली आणि चेनवर धरली. चेनच्या चोवीस कड्या म्हणजे बरोबर बारा इंच. त्यात एक सोळांश इंच, म्हणजे साधारण दीड मिलिमीटर वाढ झाली की चेन बदलायची. माझी त्याच्याही पुढे गेली होती. "चेन ताणत नाही हो ताई, पिना झिजतात," ते म्हणाले. झिजलेल्या चेनने मागच्या चाकावरच्या फ्रीव्हीलचे दातेही खाल्ले होते. पॅडलच्या मधल्या एक्सलचे छर्रे काढून दाखवले, त्यांवर खड्डे पडले होते. चेन, फ्रीव्हील, एक्सल, मजुरी मिळून १,७५० रुपये. चाकाचा आऊट, म्हणजे डगमग, त्यांनी फुकट काढून दिला.

त्यांनी सांगितलेली पद्धत अशी. पावसातून आल्यावर साध्या पाण्याने चिखल धुवायचा, फडक्याने कोरडं करायचं, प्रत्येक कडीच्या रोलरवर एकच थेंब तेल, पॅडल उलटं फिरवायचं आणि बाहेरचं सगळं तेल पुसून टाकायचं. तेल आत हवं, बाहेर नको. रिमही पुसायची, नाहीतर ब्रेकच्या रबरी गटल्यांत अडकलेली तांबडी माती रिम घासून काढते. रोजची सात मिनिटं लागतात. सायकल आता पडवीत नाही, माजघरात असते.

हिशेब सांगते, कारण घरी तो रोज विचारला जातो. गाडी लिटरला चौदा किलोमीटर देते, म्हणजे महिन्याला पंचवीस लिटर पेट्रोल वाचतं. सायकलची किंमत सातव्या महिन्यात वसूल झाली होती. १,७५० धरूनही मी पुढेच आहे.

स्टार किती द्यायचे? सायकलला चार, चेनला शून्य. दुकानाला देत नाही, कारण तिथे मीही चुकले.

गणपतीत चाकरमान्यांच्या गाड्या वाडीत येतील आणि त्या वाटेवर दिवसभर कोणी ना कोणी अडकलेलं असेल. मी सायकलच काढणार आहे. पिशवीत तुटलेली चेन जोडायचं लॉक आणि चेनची पिन काढायचं टूल ठेवलंय. रविवारी पट्टी लावून नवी चेन मोजली, बरोबर बारा इंच. पुढचं माप अनंत चतुर्दशीनंतर.