टायटॅनिकचे १:७०० किट: घ्यावे, पण पावसाळ्यात रंगवू नये

मडगावात मागवून मिळणारे हे प्लास्टिकचे किट मूळ जहाजाशी बऱ्यापैकी इमान राखते. २६९ मीटरचे जहाज जोडल्यावर ३८ सेंटिमीटर भरते. तारवटींच्या, म्हणजे जहाजांवर नोकरी करणाऱ्या गोवेकरांच्या, घरात शोभेलच.

ए-डेक फार सुरेख उतरला आहे. ‘ऑलिंपिक’ या जुळ्या जहाजाचा हा सज्जा पूर्ण उघडा होता, ‘टायटॅनिक’चा पुढचा अर्धा खिडक्यांनी बंद केलेला, अनेक स्वस्त किट इथेच फसतात. लाइफबोटीही बरोबर २० आहेत.

चूक जहाज पुढे ढकलणाऱ्या मधल्या पंख्यात (प्रोपेलरमध्ये) आहे. किटमध्ये त्याला चार पाती आहेत. जहाज बांधणाऱ्या हार्लंड अँड वुल्फ कंपनीच्या नोंदवहीत मात्र तीनच. एक पाते तोडून भागत नाही, कारण उरलेल्या पात्यांमधला कोन ९० अंशांचाच राहतो. तिन्ही पाती कापून १२० अंशांवर पुन्हा चिकटवा.

चौथे धुराडे बॉयलरांना जोडलेले नव्हते, त्यातून हवा आणि स्वयंपाकघराचा धूर जाई. तिथे काजळी हलकीच द्या.

गोव्यातली खरी अडचण दमट हवा. लॅकर स्प्रेतले द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर बाष्प धरते आणि काळा हल (जहाजाचा सांगाडा) पांढुरका पडतो. जून ते सप्टेंबर फक्त जोडकाम करा, किंवा ॲक्रिलिक ब्रशने पातळ थर द्या. फेविक्विक पारदर्शक भागांजवळ नेऊ नका. त्याच्या वाफेने ते धुरकट होतात. डोलकाठ्यांचे दोर सर्वांत शेवटी ओढा, नाहीतर हात लागून काठ्या मोडतात.