पीआयडी बसवून सात महिने: तापमान सुधारले, दशांशाने छळले

सात महिन्यांपूर्वी मी माझ्या एस्प्रेसो यंत्राला पीआयडी, म्हणजे बॉयलरचे तापमान ठरवलेल्या लक्ष्यावर धरून ठेवणारा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक, बसवला. गेल्या आठवड्यात सकाळी यंत्र सुरू केले आणि नियंत्रकाच्या पडद्यावरचा लाल आकडा १०४ अंशांवर थांबण्याऐवजी ११०, ११५, १२१ असा चढतच गेला. हीटरला वीज दिली जात असल्याचे दाखवणारा नियंत्रकाचा बारीक दिवा तर विझलेला होता. म्हणजे नियंत्रक ‘पुरे’ म्हणत होता आणि त्याच्या इशाऱ्यावर हीटरची वीज जोडणारा-तोडणारा रिले ऐकत नव्हता. मी प्लग ओढून काढला. वाफेच्या थर्मोस्टॅटने पुढे कुठेतरी त्याला अडवले असते, पण ते पाहत उभे राहण्याची हिंमत झाली नाही. असा सॉलिड स्टेट (हलणारे भाग नसलेला) रिले जळला की बहुधा बंद न पडता चालू स्थितीतच अडकतो, हे मी संच घेण्यापूर्वी वाचायला हवे होते.

यंत्र एकाच लहान बॉयलरचे, साधे आणि दणकट आहे. त्याच्या मूळ थर्मोस्टॅटमध्ये द्विधातूची चकती असते. ती तापली की वाकते आणि वीज तोडते, निवली की पुन्हा जोडते, आणि या दोन क्षणांमध्ये बॉयलरचे तापमान दहा-पंधरा अंशांनी सहज हलते. त्यामुळे दिवा विझल्यावर मनातल्या मनात आकडे मोजायचे, थोडे पाणी सोडून द्यायचे आणि नेमक्या क्षणी बटण दाबायचे, असा माझा रोजचा विधी होता. तो चुकला की शॉट, म्हणजे एका वेळी उतरवलेला एस्प्रेसो, आंबट किंवा कडू होई आणि १८ ग्रॅम कॉफी मोरीत जाई. नवे, मोठे यंत्र घेण्याची माझी तयारी नव्हती. दर आठवड्याला कॉफी ओतून देणे मात्र मला त्याहून महाग वाटू लागले होते. म्हणून पीआयडीचा संच मागवला.

बसवायला एक अख्खी दुपार गेली. जुना थर्मोस्टॅट काढून त्या जागी सेन्सर लावला, रिले यंत्राच्या आतल्या बाजूला स्क्रूने बसवला आणि नियंत्रक बाहेर चिकटवला. स्वयं-जुळणी (नियंत्रक यंत्राला साजेशी मांडणी स्वतः शोधतो ती सोय) एकदा चालवल्यावर आकडा लक्ष्यावर येऊन अक्षरशः खिळला. लक्ष्य किती दूर आहे, मागची तूट किती साचली आहे आणि आकडा किती वेगाने सरकतो आहे, या तीन गोष्टींवरून हीटर किती वेळ चालू ठेवायचा हे पीआयडी ठरवतो. या नियमनाचे गणित निकोलस मिनोर्स्की यांनी १९२२ साली मांडले ते जहाजाचे सुकाणू आपोआप सांभाळण्यासाठी. पहिले दोन महिने मी भेटेल त्याला या संचाची शिफारस करत होतो.

मग माझे लक्ष दशांशाकडे गेले. पडद्यावर १०४.० दिसले की मी निश्चिंत होई, १०३.७ दिसले की थांबे, आणि १०४.२ वरून आकडा उतरण्याची वाट पाहत पोर्टाफिल्टर (कॉफीची भुकटी भरून यंत्राला लावायचा मुठीचा भाग) हातात धरून उभा राही. वास्तविक हा आकडा बॉयलरच्या धातूचा आहे, कॉफीवर पडणाऱ्या पाण्याचा नव्हे. ते पाणी साधारण ९० ते ९६ अंशांचे हवे असते, आणि बॉयलरपासून बास्केटपर्यंत, म्हणजे पोर्टाफिल्टरमधल्या भुकटीच्या चाळणीपर्यंत, येताना ते बरेच निवते. मी रिकाम्या बास्केटखाली थर्मोकोलचा कप धरून त्यात थर्मामीटरचा सेन्सर बुडवून पाहिला, तेव्हा पडद्यावर १०४ असताना कपात ९२-९३ मिळाले. तेही यंत्र वीस मिनिटे तापल्यावर. पाच मिनिटांनी पडदा तोच १०४ दाखवतो, पण ग्रुप हेड, म्हणजे पोर्टाफिल्टर जिथे अडकवतात तो यंत्राचा भाग, हाताला जेमतेम कोमट लागते आणि कपातले पाणी त्या मानाने थंड येते. पडदा खोटे बोलत नाही; तो भलत्याच प्रश्नाचे उत्तर देतो, आणि तेही एका दशांशापर्यंत अचूक.

दुसरी गोष्ट साध्या हिशेबाची आहे, पण ती कळायला मला चार महिने लागले. माझ्या बॉयलरमध्ये सुमारे १०० मिलिलिटर पाणी मावते. १८ ग्रॅम कॉफीतून ३६ ग्रॅम एस्प्रेसो उतरवायचा, तर भुकटी स्वतः जे पाणी धरून ठेवते ते मिळवून त्या २५-३० सेकंदांत बॉयलरच्या मापाच्या निम्म्याहून अधिक थंड पाणी आत शिरते. शॉट चालू असताना पाहिले तर आकडा १०४ वरून ९७ पर्यंत घसरलेला असे. जहाज वळवणारे गणित इतक्याशा भांड्यापुढे हात टेकते, कारण हीटरची ताकद आहे तेवढीच राहते. ज्या एका दशांशासाठी मी ताटकळत होतो, त्याच्या सत्तरपट घसरण प्रत्येक कपात होत होती.

तरीही कॉफी सुधारली, हे कबूल केले पाहिजे. आता प्रत्येक शॉट एकाच ठिकाणाहून सुरू होतो आणि एकाच पद्धतीने घसरतो, त्यामुळे चव बिघडली की दोष दळणाचा आहे हे लगेच कळते. पूर्वी तापमानावर ढकललेले निम्मे आंबट शॉट खरे तर जाड दळणाचे होते, असे आता वाटते. हलक्या भाजणीसाठी लक्ष्य दोन अंश वर आणि गडद भाजणीसाठी तीन अंश खाली नेतो, तेव्हा फरक जिभेला स्पष्ट जाणवतो. ओतून देण्याची वेळ आता क्वचितच येते. वाफ अजून तिच्या स्वतंत्र, जुन्या थर्मोस्टॅटवरच आहे. तिच्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही.

आता रिलेचे भांडण. विक्रेत्याला तीन वेळा लिहिले आणि तिन्ही वेळा ‘जोडणीतील चुकीला वॉरंटी लागू नाही’ हेच वाक्य आले. चौथे, चांगलेच तिखट पत्र लिहिण्यापूर्वी पुराव्याचे छायाचित्र काढावे म्हणून खोके उघडले, तर तळाशी थर्मल पेस्टची छोटी नळी सीलबंद पडलेली होती. रिलेची उष्णता धातूच्या पत्र्यात उतरावी म्हणून ती मधे लावायची असते. मी रिले कोरडाच, तोही रंग दिलेल्या पत्र्यावर आणि बॉयलरच्या अगदी शेजारी बसवला होता. सूचनापत्रात पेस्टचा एका शब्दानेही उल्लेख नाही, हा दोष विक्रेत्याचा. नळी हातात घेऊनही ती कशासाठी आहे हे मी विचारले नाही, हा माझा. पत्र पाठवले नाही. नवा रिले स्वतःच्या खर्चाने आणला, रंग खरवडला, पेस्ट लावली आणि रिले बॉयलरपासून लांबच्या कोपऱ्यात, तळाच्या पत्र्यावर बसवला. सोबत हीटरच्या तारेत एक थर्मल फ्यूजही (फार तापल्यास वीज तोडणारा) घातला, जो खरे तर संचातच यायला हवा होता.

या खटाटोपात नियंत्रकाचा मेनू पहिल्यांदाच शेवटपर्यंत चाळला, तेव्हा त्यात दशांश लपवण्याची सोय सापडली. सात महिने ती तिथेच होती. आता पडद्यावर नुसते १०४ दिसते आणि मी पोर्टाफिल्टर लावून लगेच बटण दाबतो.