जनुक बरोबर ओळखलं, अर्थ मात्र उलटा: घरबसल्या डीएनए तपासणी

थुंकी देणं वाटतं तितकं सोपं नाही. नळीवरच्या रेघेपर्यंत लाळ हवी, फेस मोजायचा नाही, आणि आधी अर्धा तास पाणीसुद्धा नाही. तोंड नेमकं तेव्हाच कोरडं पडतं. मला वीस मिनिटं लागली. कामावरच्या मैत्रिणीने लिंबू चाटल्याचं मनात आणलं आणि पाचात नळी भरली.

कीट आम्ही तिच्यामुळेच मागवलं. तिची आजी जपानी. अर्धा ग्लास वाइन पोटात गेली की हिच्या कानाच्या पाळ्या आधी लाल होतात, मग गाल, मग छाती धडधडते. पार्टीआधी ती आम्लपित्ताची गोळी घेते, कारण तिने लाली दबते. याचं कारण जनुकात आहे का, एवढंच बघायचं होतं. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही.

डबी छान, नळीचं झाकण घट्ट, परतीचं पाकीट सोबत. रिपोर्टही सांगितलेल्या दिवशी आला. आता तक्रार.

एएलडीएच२, म्हणजे दारू पचवण्याशी संबंधित जनुक, कुठे सापडलं? 'जीवनशैली' या सदरात, कॉफी आणि टक्कल यांच्या मधोमध. मैत्रिणीच्या पानावर लिहिलं होतं: 'मद्य सहनशीलता कमी. आपण कमी प्याल, म्हणून धोका कमी.' बाजूला झाडाच्या हिरव्या पानाचं चिन्ह. माझ्या पानावर: 'सहनशीलता उत्तम', आणि त्यालाही हिरवं पान! म्हणजे दोघींनीही निर्धास्त राहायचं.

बीएस्सीला बायोकेमिस्ट्री होती, ती इतक्या वर्षांनी कामाला आली. दारूचं शरीरात आधी ॲसिटाल्डिहाइड होतं. ते विषारी, थेट डीएनएला चिकटणारं. एएलडीएच२ हे एन्झाइम त्याचं निरुपद्रवी ॲसिटेट करतं. या जनुकातलं एक अक्षर बदललं की प्रथिनात ग्लुटामेटच्या जागी लायसिन बसतं आणि एन्झाइम जवळजवळ बंद पडतं. जगात सुमारे ५४ कोटी लोकांमध्ये हा बदल आहे, बहुतेक पूर्व आशियाई वंशाचे.

जनुकांच्या अक्षरांची कच्ची फाईल उतरवून घेतली. आरएस ६७१, म्हणजे या बदलाच्या क्रमांकासमोर, मैत्रिणीचं 'एजी', माझं 'जीजी'. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक चांगली (जी), एक बिघडलेली (ए), म्हणजे मैत्रिणीच्या एन्झाइमचं काम निम्म्यावर येत असेल असं वाटेल. तसं नाही. हे एन्झाइम चार तुकड्यांचं बनतं आणि एक बिघडलेला तुकडासुद्धा बाकीच्यांना खाली खेचतो. चारही चांगले येण्याची शक्यता सोळात एक.

रिपोर्ट लिहिणाऱ्याचा घोळ इथेच झाला आहे. दोन्ही प्रती बिघडलेल्या माणसाला दारू सोसतच नाही. तो पीत नाही, म्हणून वाचतो. 'कमी प्याल' हे त्याचं वर्णन. एक प्रत बिघडलेला माणूस मात्र सवयीने पिऊ लागतो. अन्ननलिकेच्या अस्तरातल्या चपट्या (स्क्वॅमस) पेशींच्या कर्करोगाचा धोका खरा त्यालाच, तेवढीच दारू पिणाऱ्या इतरांपेक्षा कित्येक पट. आणि ती गोळी? ती फक्त लाली आणणाऱ्या हिस्टामिनला अडवते. ॲसिटाल्डिहाइड जिथल्या तिथे असतं, दिसेनासा होतो तो इशारा. मैत्रिणीने हे ऐकून रिपोर्ट परत उघडला, हिरव्या पानावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "मग हे काय आहे?"

माझं 'उत्तम'ही तसंच फसवं. आयएआरसीने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, दारूला १९८८ सालीच पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत, टाकलं आहे. पिण्यातून येणाऱ्या ॲसिटाल्डिहाइडला २००९ मध्ये. तिथे 'जीजीवाल्यांना सूट' असं कुठेही लिहिलेलं नाही. एन्झाइम धडधाकट असलं तरी तोंडातले जिवाणू लाळेतच ॲसिटाल्डिहाइड तयार करतात. ज्या लाळेसाठी मी वीस मिनिटं घालवली, त्याच लाळेत.

कंपनीला सविस्तर मेल केला. उत्तर आलं: 'अभिप्रायाबद्दल धन्यवाद', सोबत त्वचेच्या तपासणीवर सवलतीचं कूपन. पान अजून हिरवंच आहे.

नुसतं एवढंच जाणून घ्यायचं असेल तर कीट कशाला? पहिल्यांदा पिऊ लागलात तेव्हा एका ग्लासात चेहरा लाल व्हायचा का, हा प्रश्न स्वतःला विचारा. पूर्व आशियाई वंशाच्या लोकांत त्याचं उत्तर बहुतेक वेळा जनुकाशी जुळतं.

पाचपैकी दोन तारे. एक डबीला, एक कच्च्या फाईलला.