गेल्या होत्या क्लच प्लेटा, बिल लावलं बोअर-पिस्टनचं

माझी गाडी हिरो इम्पल्स, २०१२ चं मॉडेल, १५० सीसी, २०१९ ला सेकंडहँड घेतली. ज्यांनी ही गाडी चालवलीय त्यांना सांगायला नको, उंच, हलकी, दगडात चिखलात कुठंही घाला. कंपनीनं ती बंद करून बरीच वर्षं झाली त्यामुळे हल्ली रस्त्यावर कमीच दिसते, आणि नेमका याच गोष्टीचा फायदा घेऊन मला फसवलं गेलं. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय, कारण हे कुणाच्याही गाडीबाबत होऊ शकतं.

आम्ही साताऱ्यात राहतो, थोडी शेती वर कासच्या बाजूला आहे. आठवड्यातनं दोन-तीनदा यवतेश्वर घाट चढायचाच. २०२३ च्या ऑगस्टमध्ये एक दिवस मागं वडील आणि मध्ये खताचं पोतं असा चढत होतो, तिसऱ्या गिअरला अ‍ॅक्सिलेटर पिळला तर इंजिनचा आवाज एकदम चढला, आरपीएम, म्हणजे इंजिन फिरण्याचा वेग, वर आणि गाडी मात्र आहे तिथंच, उलट मंद होत चालली. दुसरा टाकला तेव्हा कुठं ओढायला लागली. वर पोचलो तेव्हा इंजिनापाशी करपल्यासारखा वास येत होता, वडील म्हणाले काहीतरी जळतंय बघ. सपाटीला मात्र गाडी ठीक चालायची त्यामुळे मी आठ-दहा दिवस तशीच दामटली, ते करायला नको होतं.

मग गावातल्या एका गॅरेजला दाखवली. नाव लिहीत नाही. मिस्त्रीनं एक चक्कर मारली, येऊन हँडलवर हात ठेवून म्हणाला, "भाऊ, इंजिन बसलंय हिचं. पिकअपच राहिला नाही. बोअर-पिस्टन करावं लागेल, रिंगा गेल्यात, आणि क्लच प्लेटा पण टाकून देतो एकातच." बोअर म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो तो सिलिंडर, आणि रिंगा पिस्टनच्या कडेच्या. मी विचारलं धूर तर मारत नाही, ऑइल पण खात नाही, मग रिंगा कशा गेल्या. तर म्हणे, "सुरुवातीला धूर दिसत नाही दादा, नंतर क्रँक गेला की पंचवीस हजाराला बसाल. हिचे पार्ट आता मिळत नाहीत, मुंबईहून मागवायला लागतील." त्या पंचवीस हजारानंच मी घाबरलो. चार हजार अ‍ॅडव्हान्स दिला, गाडी ठेवून आलो.

इथं थांबून एक गोष्ट सांगतो, ही मला तेव्हा माहीत असती तर पैसे वाचले असते. इंजिन खरंच बसलं असेल, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेलं असेल, तर चढाला इंजिन दमतं, आरपीएम वर चढतच नाही, घुसमटल्यासारखं होतं. आणि आरपीएम मोकाट वर पळतोय पण गाडी पळत नाही, याचा अर्थ इंजिन ताकद देतंय, ती चाकापर्यंत पोचत नाहीये. म्हणजे मध्ये ती ताकद पुढं पोचवणारा क्लच सरकतोय. ही दोन लक्षणं उलटी आहेत. ज्यानं वीस वर्षं गाड्या खोलल्यात त्याला एका चक्करमध्ये हे कळतं, त्यामुळे त्याचा अंदाज चुकला असं मी मानायला तयार नाही.

घरी तपासायची पद्धत सोपी आहे. मोकळ्या सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरला कमी स्पीडनं चालवायची आणि एकदम पूर्ण रेस द्यायची. क्लच चांगला असेल तर गाडी हळूहळू वेग घेते, आवाज आणि वेग बरोबरीनं चढतात. सरकत असेल तर आवाज आधी पळतो. ते करायच्याही आधी क्लच लिव्हर बघा, लिव्हरच्या टोकाला साधारण १० ते २० मिलिमीटर मोकळा प्ले, म्हणजे ढिलेपणा, पाहिजे. माझ्या लिव्हरला प्ले नव्हताच, मी मध्ये एका ठिकाणी क्लच टाइट करून घेतला होता, म्हणजे लिव्हर सोडली तरी केबल थोडी ओढलेलीच राहत होती आणि प्लेटा कायम अर्धवट घासत होत्या. भरीला घरच्या कारच्या सर्व्हिसिंगमधलं उरलेलं ऑइल मी यात ओतलं होतं. बाइकचा क्लच इंजिन ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, ती प्लेटांची पकड घालवतात. गिअरच्या बाइकसाठी डब्यावर जासो (ऑइलचा प्रकार सांगणारी खूण) एमए किंवा एमए२ लिहिलेलं बघून घ्या, एमबी असेल तर ते स्कूटरसाठी. या दोन चुका माझ्याच होत्या, पण त्यासाठी इंजिन खोलायची गरज कुणालाच नव्हती.

सहा दिवसांनी गाडी मिळाली. एकूण ९,८०० रुपये. कागदावर हातानं लिहिलेलं, पिस्टन किट, बोअर, क्लच प्लेटा, ऑइल, मजुरी. वर गॅरेजचं नाव नाही, नंबर नाही, काही नाही. जुने पार्ट मागितले तर म्हणाला भंगारवाला कालच घेऊन गेला. "नवीन बोअर आहे, पाचशे किलोमीटर चाळीसच्या वर जाऊ नका," असंही वर बजावलं, आणि मी अगदी इमानदारीनं चाळीसनं चालवली. तेवढ्यात क्लच सरकलेला कळणार कसा. नवीन ऑइल आणि सैल केलेली केबल यानं पंधरा-वीस दिवस निघाले. मग परत तोच घाट, तोच तिसरा गिअर, तोच वास.

या वेळी कराडहून मामेभावाला बोलावलं, त्याला बाइक खोलायचा नाद आहे. त्यानं गाडीला हात लावायच्या आधी खाली वाकून टॉर्च मारला आणि मला म्हणाला, "दादा, हे बघ." उजव्या बाजूचं क्लच कव्हर, त्याच्या खालच्या बोल्टांच्या भोवती कासची लाल माती वाळून अगदी दगड झालेली. पाना लागला असता तर ती माती टिकलीच नसती. तशीच बोअरच्या बुडाशी, जिथं सिलिंडर इंजिनावर बसतो त्या जोडावर, जुन्या ऑइलचा काळा थर वरून खालपर्यंत सलग, मध्ये कुठं चीर सुद्धा नाही. त्यानं नख फिरवून दाखवलं. मी सगळ्याचे फोटो काढून ठेवले. ९,८०० रुपयांत मिस्त्रीनं फक्त ऑइल बदललं होतं, केबल सैल केली होती आणि गाडी धुतली होती.

मग आम्ही कव्हर उघडलं. ऑइल काढलं, बोल्ट पुठ्ठ्यावर ज्या जागेचा त्या जागी खोचले कारण सगळे एका लांबीचे नसतात. कव्हरच्या जोडातलं गॅस्केट इतकं घट्ट चिकटलेलं की ब्लेड आडवं धरून तासभर खरवडत बसलो. आतली घर्षण प्लेट हातात घेतली तर काळी, गुळगुळीत, करपलेली. मधल्या स्टीलच्या प्लेटांवर निळे-जांभळे डाग. एक स्टील प्लेट काचेवर ठेवली तर एका बाजूनं डुगडुगत होती, म्हणजे तापून वाकलेली. हबच्या, म्हणजे प्लेटा ज्यावर बसतात त्या भागाच्या, खाचा नखानं चाचपल्या, ठीक होत्या, तिथं खड्डे पडले असते तर प्लेटा अडकतात आणि नवीन टाकून पण उपयोग होत नाही.

जुनी प्लेट आणि गाडीचा इंजिन नंबर घेऊन स्पेअरच्या दुकानात गेलो. मुंबईहून मागवायला लागणारा तो पार्ट काउंटरवर अर्ध्या तासात मिळाला. प्लेटांचा सेट, स्प्रिंगा, गॅस्केट, एक लिटर ऑइल, सगळं मिळून २,३०० च्या आसपास. नवीन प्लेटा रात्रभर ऑइलमध्ये बुडवून ठेवल्या, कोरड्या बसवल्या तर सुरुवातीलाच करपू शकतात. स्प्रिंगचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे करत आवळले, जोर न लावता, अ‍ॅल्युमिनियमचे आटे लगेच जातात. शेवटी लिव्हरला प्ले ठेवला.

फोटो घेऊन गॅरेजला गेलो. मिस्त्रीनं आधी आवाज चढवला, मग म्हणाला पोरानं काम केलं होतं, मला माहीत नाही. त्याच्याच समोर बसलेल्या दोन गिऱ्हाइकांना मी बोल्टांचे फोटो दाखवले तेव्हा बाजूला घेऊन ३,००० परत दिले. बाकीचे गेलेच. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ नंबर आहे, फोन केला तर त्यांनी पहिल्यांदा बिलच मागितलं, आणि माझ्याकडे बिन नावाची चिठ्ठी, पैसेही सगळे रोख दिलेले, यूपीआय केलं असतं तर निदान कुणाला दिले ते तरी दिसलं असतं.

म्हणून गाडी टाकायच्या आधी क्लच कव्हरच्या आणि हेडच्या बोल्टांचे जवळून फोटो काढा, अंदाजे खर्च व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या, आणि जुने पार्ट मला पाहिजेत हे अ‍ॅडव्हान्स द्यायच्या आधीच सांगा, नंतर नाही. मी जो कोणी इंजिनकाम सांगेल त्याला आता आधी एवढंच विचारतो, आरपीएम चढतोय का दबतोय.

त्या करपलेल्या प्लेटा आणि गॅस्केटचे तुकडे मी ठेवलेत, साताऱ्यात कुणाची गाडी अशीच सरकत असेल तर घेऊन या, शेजारी ठेवून बघू.