एकरी गोणीभर युरिया की तीन रात्री मेंढ्या?

जिरायत बाजरीला हेक्टरी ५० किलो नत्राची (नायट्रोजनची) शिफारस आहे, म्हणजे एकरी २० किलो. युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीत जवळपास तेवढंच नत्र असतं. दुसरा मार्ग मेंढ्या बसवण्याचा, म्हणजे धनगराचा कळप (वाडा) रात्री रानात मुक्कामाला ठेवण्याचा. एक मेंढी रात्रभरात लेंड्या आणि मुतातून साधारण १५-१६ ग्रॅम नत्र सोडते. ४०० मेंढ्यांचा वाडा तीन रात्री बसला की हिशेब तिथेच येतो.

पिकाच्या दृष्टीने दोन्ही चालतात. युरियाचं नत्र लगेच लागू पडतं, लेंडीखताचं सावकाश, पण त्याबरोबर सेंद्रिय कर्ब, स्फुरद आणि पालाशही जमिनीत जातो. युरियाची गोणी अनुदानामुळे २६६ रुपयांच्या आसपास पडते, मेंढ्यांचा मोबदला धान्यात किंवा रोखीत ज्याचा त्याने ठरवायचा.

खरा फरक हवेत काय जातं यात आहे. जमिनीतले जिवाणू न वापरलेल्या नत्रातून नायट्रस ऑक्साइड तयार करतात. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो. आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या) जुन्या सरसकट प्रमाणाने, म्हणजे दिलेल्या नत्राच्या १ टक्का, एका गोणीमागे सुमारे ९० किलो कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम होतो. २०१९ च्या सुधारित आकड्यांत ओल्या हवामानातल्या रासायनिक खतांसाठी हे प्रमाण १.६ टक्के आहे, कोरड्या भागासाठी ०.५ टक्के. शिवाय युरिया विरघळताना गोणीमागे ३३ किलो कार्बन डायऑक्साइड थेट निघतो. कारखान्यात जळलेला नैसर्गिक वायू वेगळाच.

मेंढ्यांच्या मलमूत्रासाठी तेच प्रमाण ०.३ टक्के धरलं आहे, म्हणजे तेवढ्याच नत्राला २६ किलोच्या आसपास. मात्र मेंढीच्या पोटातून वर्षाला सुमारे ५ किलो मिथेनही सुटतो. वाडा तुमच्या शेतात बसो वा शेजारच्या, तो सुटतोच, म्हणून या निर्णयात मी तो धरत नाही. केवळ खतासाठी कुणी नव्याने मेंढ्या पाळणार असेल तर तो धरावाच लागेल, आणि मग युरियाच कमी तापवणारा ठरतो.

जिरायत जमिनीला माझं मत सरळ मेंढ्यांच्या बाजूने आहे, पण बसवण्याची रीत पाळली तरच. वाघर (मेंढ्यांभोवती लावायचं जाळीचं कुंपण) रोज पुढे सरकवायला सांगा. एकाच जागी वाडा राहिला की मुताने भिजलेल्या पट्ट्यात एवढं नत्र साचतं की पिकाला ते उचलताच येत नाही, आणि पहिल्या पावसाला तिथूनच वायूचा लोट उठतो. मेंढ्या हलल्या की त्याच दिवशी कुळव घाला, नाहीतर उन्हात अमोनिया उडून जातो. कोकणात गेलेले धनगरांचे वाडे परततात ते पावसाच्या तोंडावर. तो मुहूर्त साधला तर पेरणी आणि खत यांत फार दिवस जात नाहीत. मार्चमध्ये बसवून जूनपर्यंत रान उघडं ठेवण्यात निम्मा फायदा जातो.

भारी काळ्या रानात जास्त जपावं लागतं. पाणी तुंबलं की हवा कोंडते आणि नायट्रस ऑक्साइड वाढतो, मग नत्र गोणीतलं असो की लेंडीतलं. तिथे आधी चर काढा, खताचं नंतर बघा.

बागायतीचं गणित निराळं आहे. सुरू (हिवाळ्याच्या शेवटी लावलेल्या) उसाला हेक्टरी २५० किलो नत्र लागतं, एकरी १००. मेंढ्यांवर भागवायचं तर तोच वाडा पंधरा रात्री हवा, आणि एवढं नत्र लागणीआधी एकदम ओतणं हाच तोटा. इथे युरिया टाळता येत नाही, पण पाटपाण्यावर गोण्या फोकून देऊ नका. ठिबकमधून थोडा थोडा सोडा. ठिबक नसेल तर हप्ते वाढवा, वाफसा आल्यावर सरीत देऊन लगेच मातीआड करा. एक-दोन रात्री मेंढ्या बसवल्या असतील तर पहिल्या हप्त्यातला युरिया तेवढा कमी करा. बहुतेक जण दोन्ही पूर्ण देतात, आणि जास्तीचं नत्र ऊस खात नाही.