व्हीएस कोडवर नऊ महिने, आणि प्रोजेक्ट न उघडलेला तो शनिवार

मी ठाण्यात कोलशेतला राहते आणि घरूनच सी शार्प या भाषेत प्रोग्राम लिहायची कामं करते. वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कारखान्याचा स्टॉकचा प्रोग्राम माझ्याकडे आहे. कच्चा माल किती आला, जॉबवर्कला किती गेला, गोदामात किती उरला, एवढाच त्याचा पसारा. गेले नऊ महिने हे सगळं मी व्हीएस कोड हा कोड लिहायचा एडिटर आणि त्याला जोडायच्या सी शार्प डेव्ह किट या एक्स्टेन्शनवर, म्हणजे जोड-प्रोग्रामवर, करतेय. लॅपटॉप ८ जीबीचा आहे, त्यावर ही जोडी छान चालते.

व्हीएस कोड २०१५ पासून आहे, डेव्ह किट मात्र २०२३ मध्ये आलं. त्याने डाव्या बाजूला प्रोजेक्टची मांडणी दाखवणारा सोल्यूशन एक्सप्लोरर मिळतो, टेस्ट तिथूनच चालवता येतात, डीबगिंगही, म्हणजे चुका शोधणंही, होतं. एकट्याने काम करणाऱ्याला ते फुकट आहे, पण मोठ्या कंपनीत वापरायचं असेल तर लायसन्सच्या अटी आधी वाचून घ्या. रोजच्या कामाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. लिहायचं आहे ते एका शनिवारबद्दल, कारण त्या दिवशी मला हे साधन आतून कसं चालतं ते कळलं.

शुक्रवारी संध्याकाळी कारखान्यातल्या स्टोअरच्या काकांचा फोन आला. "ताई, सोमवारी स्टॉक मोजायचाय, यादी छापून मिळेल ना?" बदल किरकोळ होता, म्हटलं सकाळी तासाभरात करून देते. शनिवारी फोल्डर उघडला तर सोल्यूशन एक्सप्लोररमध्ये प्रोजेक्ट लोडच होईना. फाइली दिसत होत्या, पण टाइप करताना पुढचा शब्द सुचवला जाईना आणि ज्या ओळी कालपर्यंत ठीक होत्या त्यांच्यावर नीट रंगही चढेना. उजवीकडे खाली छोटी सूचना आली, एवढंच.

मग जे सगळेच करतात ते मीही केलं. विंडो रीलोड केली. बिन आणि ओबीजे हे प्रोग्राम तयार होताना आपोआप बनणारे फोल्डर उडवले. एक्स्टेन्शन काढून परत टाकलं. यात दुपारचे दोन वाजले. आमच्याबरोबर काम करणारा एक जण ऐरोलीला राहतो, त्याला फोन केला. त्याने तोच कोड गिटवरून, म्हणजे कोडच्या सामाईक साठ्यातून, खाली घेतला आणि त्याच्याकडे तो पहिल्या झटक्यात उघडला. तो म्हणाला, "ताई, एडिटर बाजूला ठेव. टर्मिनलमध्ये डॉटनेट बिल्ड मार आणि काय म्हणतं ते मला वाचून दाखव."

डॉटनेट म्हणजे सी शार्पचे प्रोग्राम ज्यावर चालतात ती यंत्रणा, आणि डॉटनेट बिल्ड ही कोडपासून प्रोग्राम तयार करायची आज्ञा. ती दिल्यावर टर्मिनलमध्ये कारण शब्दशः लिहिलेलं होतं. योग्य एसडीके, म्हणजे प्रोग्राम तयार करायचा डॉटनेटचा साधनसंच, सापडला नाही. मागितलेली आवृत्ती ८.०.१००. बसवलेली आवृत्ती ८.०.४०४. आणि या दोन्हींच्या मध्ये, कोणता एसडीके वापरायचा ते सांगणाऱ्या एका ग्लोबल.जेसन फाइलचा पत्ता. मी पुन्हा पुन्हा आवृत्तीचे आकडेच वाचत होते. त्याने विचारलं, "तो पत्ता कुठला आहे?" तेव्हा नीट पाहिलं. ती फाइल प्रोजेक्टमध्ये नव्हतीच, त्याच्या एक पायरी वर, मी सगळी कामं ठेवते त्या मोठ्या फोल्डरमध्ये होती. काही महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका कामासाठी मीच ती तिथे ठेवली होती.

डॉटनेट ही फाइल आपण जिथे उभे आहोत तिथून शोधायला लागतं आणि सापडेपर्यंत एकेक फोल्डर वर चढत जातं. म्हणून वरच्या फोल्डरमधली एक फाइल खालच्या सगळ्या प्रोजेक्टना लागू होते. ऐरोलीच्या लॅपटॉपवर तसा वरचा फोल्डरच नव्हता, म्हणून तिथे अडचण नाही.

आता आकड्यांचं. त्याच आठवड्यात डिस्कवर जागा करायची म्हणून मी जुना ८.०.१०० काढून टाकला होता. दोन्ही ८ चेच, मग नवा ठेवला की झालं, असा माझा हिशोब. पण एसडीकेच्या शेवटच्या तीन आकड्यांमधला शतकाचा आकडा महत्त्वाचा असतो. १०० ची मालिका वेगळी, ४०० ची वेगळी. ग्लोबल.जेसनमध्ये आवृत्ती दिली आणि रोलफॉरवर्डबद्दल, म्हणजे नेमकी ती आवृत्ती नसली तर कोणती चालेल याबद्दल, काहीच लिहिलं नाही, तर लेटेस्टपॅच गृहीत धरलं जातं, म्हणजे त्याच मालिकेतला पुढचा पॅच चालतो, दुसरी मालिका चालत नाही. १०० मागितल्यावर १०५ चालला असता, ४०४ नाही. मी वरची फाइल काढली, प्रोजेक्टच्या आत नवी ठेवली आणि तिच्यात रोलफॉरवर्डपुढे लेटेस्टफीचर लिहिलं, म्हणजे ८.० ची पुढची मालिकाही चालेल. विंडो रीलोड केली आणि प्रोजेक्ट लोड झाला. सोमवारी सकाळी काकांच्या हातात यादी होती.

तेव्हापासून प्रोजेक्ट अडला की मी एक्स्टेन्शनला हात लावत नाही. आधी टर्मिनलमध्ये डॉटनेट, मग दोन डॅश आणि इन्फो. कोणते एसडीके आहेत आणि कोणती ग्लोबल.जेसन लागू आहे, हे दोन्ही तिथेच दिसतं. तिथे सगळं ठीक असेल तर आउटपुट पॅनेल उघडून त्यातलं प्रोजेक्ट्स निवडते. खरी हकीकत तिथे असते. डेव्ह किट प्रोजेक्ट वाचायला त्याच डॉटनेटवर अवलंबून असतं, त्यामुळे तेच अडलं तर एडिटर कितीही वेळा नव्याने बसवून उपयोग नाही.

पुढे भाचीच्या लॅपटॉपवरही असंच झालं. ती नेरूळला कॉलेजात आहे. तिच्याकडे एकही एसडीके नाही असं टर्मिनल सांगत होतं, आणि एसडीके तर बसवलेला. विंडोजवर ३२ बिटचा डॉटनेट पाथमध्ये, म्हणजे प्रोग्राम जिथे शोधले जातात त्या फोल्डरांच्या यादीत, ६४ बिटच्या आधी आला की असं होतं. क्रम बदलला, काम झालं. तिच्या मैत्रिणीची अडचण वेगळी, फोल्डर उघडताना यावर विश्वास आहे का असं व्हीएस कोड विचारतो, तिथे तिने नाही असं उत्तर दिलं होतं. २०२१ पासून व्हीएस कोड अशा वेळी मर्यादित मोडमध्ये उघडतो आणि बरीच एक्स्टेन्शनं बंद राहतात. आपलाच कोड असेल तर विश्वास द्यायचा, अनोळखी कोडला मात्र घाईने देऊ नका, ती अडवणूक आपल्या भल्यासाठीच आहे.

एक उणीव सांगायलाच हवी. विंडोज फॉर्म्सचे पडदे माउसने मांडायचा डिझायनर इथे मिळत नाही. कारखान्याचा वजनकाट्याचा जुना प्रोग्राम तसा आहे, त्यासाठी मला मोठा व्हिज्युअल स्टुडिओ ठेवावाच लागतो. वेब आणि कन्सोलची कामं करणाऱ्याला मी व्हीएस कोड मनापासून सुचवेन. डॉटनेट ८ चा सपोर्ट १० नोव्हेंबर २०२६ ला संपतो, तेव्हा स्टॉकचा प्रोग्राम त्याआधी डॉटनेट १० वर न्यायचा आहे, आणि जुना एसडीके या वेळी तो नीट चालू लागेपर्यंत काढणार नाही.