हॉकेनहाइमच्या पहिल्या ट्रॅक डेआधी (रेसट्रॅकवर आपली गाडी चालवायचा दिवस) माझ्या पोर्श ९११ ची, म्हणजे ९९७ ची, तपासणी करून घेतली, त्याचा अनुभव

सगळ्यात आधी, हा रिव्ह्यू गाडीचा नाही, गॅरेजच्या एका सर्व्हिसचा आहे, ट्रॅक डे चेक म्हणतात त्याला. गॅरेजचं नाव टाकत नाहीये कारण मालकांनीच तशी विनंती केली, दोनच माणसं काम करतात आणि तीन तीन महिन्यांचं वेटिंग आहे त्यांच्याकडे. पण काय तपासलं, का तपासलं आणि पैसे वसूल झाले का हे सविस्तर लिहितोय, म्हणजे तुम्ही कुठल्याही गॅरेजला गेलात तरी काय मागायचं ते कळेल.

मी मूळचा पुण्याचा, गेली आठ वर्षं श्टुटगार्टजवळ राहतो. दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड पोर्श ९११ घेतली, २००९ ची, ९९७ या पिढीतली, साधी करेरा, ३.६ लिटर, ३४५ हॉर्सपॉवर, सहा गिअर मॅन्युअल. ९९७ मध्ये २००९ मॉडेलपासून इंजिन नवीन आलं आणि त्यात ते बदनाम आयएमएस बेअरिंगच (इंजिनाच्या आतल्या एका शाफ्टचं, फुटलं तर इंजिनच घालवणारं) नाहीये, म्हणून मुद्दाम त्याच्या पुढचीच शोधली होती. यंदा हॉकेनहाइमरिंगला पहिला ट्रॅक डे बुक केला आणि मग झोप उडाली, कारण रस्त्यावर छान चालणारी गाडी ट्रॅकवर वीस मिनिटं सलग तशीच चालेल याची गॅरंटी कोणी देत नाही.

आधी एका मोठ्या, चकाचक वर्कशॉपमध्ये गेलो होतो. तिथे गाडी लिफ्टवर घ्यायच्या आधीच लोअरिंग स्प्रिंग, स्पोर्ट एक्झॉस्ट आणि इंजिन ट्यूनिंगचं कोटेशन हातात दिलं, ब्रेक फ्लुइड शेवटचं कधी बदललं हे एका शब्दाने विचारलं नाही. खरंच राग आला. पहिल्यांदा ट्रॅकवर जाणाऱ्या माणसाला पंधरा हॉर्सपॉवर जास्त विकणं म्हणजे पोहायला शिकणाऱ्याला जड बूट विकणं आहे.

मग ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याने या दुसऱ्या गॅरेजचा पत्ता दिला. गावाच्या टोकाला शेड, एक लिफ्ट, मालक साठीच्या पुढचे. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "याआधी कधी ट्रॅकवर गेलायत का?" नाही म्हटलं. दुसरा प्रश्न, "इंजिन मागे असलेली गाडी ओल्या रस्त्यावर कधी सुटलीय का हातातून?" तेही नाही. मग म्हणाले, "ठीक आहे, मग तुमच्या गाडीत काही बसवायचं नाहीये, फक्त जे आहे ते नीट करायचंय." इथेच माझा निम्मा विश्वास बसला.

इंजिन मागे असणं म्हणजे काय ते आपल्याला खरं तर लहानपणापासून माहितीये. रिक्षाचं इंजिन मागे, नॅनोचं मागे, शिवनेरीच्या व्होल्वोचंही मागेच. पण ९११ मध्ये ते मागच्या एक्सलच्याही पलीकडे लटकलेलं असतं, त्यामुळे गाडीचं साधारण ६० टक्क्यांहून जास्त वजन मागच्या चाकांवर. याचा फायदा असा की वळणातून बाहेर पडताना मागची चाकं रस्त्याला धरून बसतात, आणि ब्रेक मारताना वजन पुढे आलं तरी मागे पुरेसं उरतं, म्हणून चारही चाकं कामाला लागतात. तोटा असा की पुढचं टोक हलकं, वळणात घुसताना गाडी सरळ जाऊ बघते, आणि घाबरून वळणाच्या मध्येच ॲक्सिलरेटर सोडला की वजन एकदम पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात आणि मागचं जड इंजिन लंबकासारखं बाहेर फिरतं. हे पोर्शला पहिल्यापासून माहीत होतं, १९६९ च्या मॉडेलला त्यांनी व्हीलबेस ५७ मिलिमीटर वाढवला तो याचसाठी, मागची चाकं इंजिनाच्या जवळ सरकवली. आजच्या गाड्या खूप शहाण्या झाल्यात पण भौतिकशास्त्र तेच आहे.

तर तपासणी. चार तास लागले आणि मला बाजूला उभं राहू दिलं, ही गोष्ट मला फार आवडली, बऱ्याच ठिकाणी कस्टमरला आत येऊच देत नाहीत.

सुरुवात ब्रेक फ्लुइडपासून. छोटं मीटर डब्यात बुडवलं, पाण्याचं प्रमाण जास्त निघालं, आधीच्या मालकाने केव्हा बदललं होतं देव जाणे आणि मीही दोन वर्षं बघितलं नव्हतं. पेडलचा दाब ब्रेकपर्यंत पोचवणारं हे डॉट ४ दर्जाचं फ्लुइड हवेतलं पाणी शोषून घेतं. नवं असताना त्याचा उकळबिंदू कमीत कमी २३० अंश असावा लागतो, पाणी मुरल्यावरची किमान मर्यादा १५५ अंश. आता हिशोब बघा, पॅराबोलिका या हॉकेनहाइमच्या लांब, वेगवान पट्ट्याच्या शेवटी गाडी २२० च्या आसपास असते आणि पुढच्या हेअरपिनला (एकदम उलटं फिरणारं वळण), स्पिट्झकेअरला, ६० वर आणायची. गाडी आणि मी धरून दीड हजार किलो, म्हणजे ढोबळमानाने जवळपास साडेसात लिटर गार पाणी उकळायला आणायला जेवढी उष्णता लागते तेवढी चारपाच सेकंदात तयार होते, थोडी हवेच्या विरोधात जाते, बाकी सगळी डिस्क आणि पॅडमध्ये. लग्नघरातलं चहाचं पातेलं डोळ्यासमोर आणा. आणि हे प्रत्येक लॅपला. फ्लुइड उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते, पेडल थेट जमिनीला टेकतं आणि गाडी थांबत नाही. म्हणून ते जुनं सगळं काढून कॅस्ट्रॉल एसआरएफ भरलं, नवं असताना ३२० अंश आणि पाणी मुरल्यावरही २७० अंशापर्यंत टिकतं. महाग आहे, पण माझ्या मते पूर्ण तयारीतला सगळ्यात शहाणपणाचा खर्च हाच. मोटुलचं आरबीएफ ६६० पण चांगलं आहे आणि स्वस्त पडतं, नवं असताना त्याचा आकडा ३२५ आहे, पण पाणी मुरल्यावर २०४ वर येतं, म्हणजे ते वरचेवर बदलायची तयारी पाहिजे. वर्षातून एकदोनदाच ट्रॅकवर जाणाऱ्याला एसआरएफ बरं असं त्यांचं मत होतं आणि मला पटलं.

पुढचे पॅड निम्म्यापेक्षा कमी उरले होते. रस्त्यावर अजून वर्षभर चालले असते, पण पातळ पॅड उष्णता अडवत नाही, ती सरळ कॅलिपरमधून फ्लुइडला जाते, म्हणून बदलले. मी रेसिंगचे पॅड मागितले तर नाही म्हणाले, ते गार असताना नीट पकडत नाहीत आणि तुम्ही याच गाडीने मुलीला शाळेत सोडता ना, ओरिजिनल टाका. टाकले.

मग ज्याची मला कल्पनाच नव्हती ती गोष्ट. पुढचा बंपर उतरवला. ९११ चं इंजिन मागे असलं तरी पाण्याचे रेडिएटर पुढे असतात, बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत, आणि त्या जाळ्यांमधून वर्षानुवर्षं पानं, किडे, सिगारेटची थोटकं आत जाऊन बसतात. माझ्या गाडीतून अक्षरशः ओंजळभर कुजलेली पानं निघाली दोन्ही बाजूंनी. रस्त्यावर तापमानाचा काटा कधी हलला नव्हता म्हणून मी निर्धास्त होतो. पण उन्हात वीस मिनिटं सलग फुल रेव्हवर हे असंच राहिलं असतं तर काय झालं असतं या विचाराने पोटात गोळा आला. ज्यांच्याकडे ९९६ (९९७ च्या आधीची पिढी) किंवा त्यानंतरची कुठलीही ९११ किंवा बॉक्स्टर आहे त्यांनी हे आजच बघा, ट्रॅकवर जा नाहीतर नका जाऊ.

टायर. मागच्यांची नक्षी बऱ्यापैकी शिल्लक होती पण त्यांनी बाजूच्या भिंतीवरचे चार आकडे दाखवले, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष, माझे नऊ वर्षांचे निघाले. रबर कडक झालं होतं. मागे इंजिन असलेल्या गाडीत मागचे टायर म्हाताऱ्या रबराचे आणि पुढचे नवे, हे सगळ्यात वाईट कॉम्बिनेशन, कारण आधीच फिरायला तयार असलेलं मागचं टोक अजून सैल होतं. मागची जोडी बदलली, २६५/४० आर १८, पोर्शने मान्य केलेल्या टायरवर असतो तो एन मार्क असलेलीच. मागची चाकं वरच्या बाजूने जरा आत झुकवलेली असल्यामुळे हे टायर आतल्या कडेने जास्त झिजतात, ते बाहेरून दिसत नाही, हात आत घालून चाचपावं लागतं.

एका पुढच्या कंट्रोल आर्मचा (चाक धरून ठेवणारा सस्पेन्शनचा दांडा) रबरी बुश चिरलेला सापडला. गाडी स्पीडब्रेकरवरून जाताना कुरकुरायची त्याचं कारण हेच. पार्ट मागवून पुढच्या आठवड्यात बदलला. चाकांचे बोल्ट १३० न्यूटन मीटरला टॉर्क रेंचने आवळले आणि मलाही आवळून बघायला लावले, ट्रॅकवर प्रत्येक सेशननंतर स्वतः तपासायचे म्हणून. ऑइल बघायला या गाडीला डिपस्टिक नाही, डिस्प्लेवरच बघायचं, लेव्हल बरोबर होती, एक लिटर सोबत ठेवायला सांगितलं. टो हुक पुढच्या डिकीत टूलकिटमध्ये असतो तो काढून बंपरमध्ये एकदा फिरवून बघायला लावला, कारण त्या दिवशी पावसात शोधत बसू नये.

एकूण बिल टायर धरून साधारण अकराशे युरो झालं. त्यातलं नुसत्या तपासणीचं दीडशे. मोठ्या वर्कशॉपच्या कोटेशनच्या निम्म्याहून कमी.

काय आवडलं नाही तेही लिहितो. लेखी रिपोर्ट देत नाहीत, सगळं तोंडी, मी स्वतः वहीत टिपून घेतलं म्हणून आत्ता लिहू शकतोय. फोन उचलत नाहीत, प्रत्यक्ष जावं लागतं. व्हील अलाइनमेंटचं मशीन नाही त्यांच्याकडे त्यामुळे बुश बदलल्यावर त्यासाठी दुसरीकडे पळावं लागलं, अर्धा दिवस गेला. आणि इन्शुरन्सबद्दल काहीच बोलले नाहीत, तो त्यांचा विषय नाही हे मान्य, पण जर्मनीत बऱ्याच पॉलिसींमध्ये रेसट्रॅकवरचं ड्रायव्हिंग सरळ वगळलेलं असतं, ते कलम मी स्वतः वाचलं आणि त्या एका दिवसासाठी वेगळी पॉलिसी काढली. प्लीज हे विसरू नका.

आता प्रत्यक्ष दिवस, कारण तपासणीचा खरा निकाल तिथेच लागतो. हॉकेनहाइमचा मोठा लेआउट ४.५७४ किलोमीटर. पहिल्या सेशनला इन्स्ट्रक्टर बाजूला बसवला होता, गॅरेजवाल्या आजोबांचाच हट्ट होता तो, सस्पेन्शनचे पैसे वाचवा आणि माणसावर खर्च करा म्हणाले होते. वळणाच्या आधी सरळ रेषेत ब्रेक संपवा, पुढची चाकं दाबलेली असतानाच स्टिअरिंग फिरवा, मग हळू ॲक्सिलरेटर द्या आणि दिला की सोडू नका, एवढंच तो वीस मिनिटं सांगत होता. दुसऱ्या सेशनला स्टेडियममध्ये, मोटोड्रोममध्ये शिरणारं ते वेगवान उजवं वळण आहे ना, तिथे मी जास्त वेगात आत गेलो आणि पाय अर्धवट उचलला. मागचं टोक हललं. पीएसएम (गाडी घसरू लागली की सावरणारी पोर्शची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) चालू होतं त्याने सावरलं, नवे टायर होते त्यांनी धरलं. तो अर्धा सेकंद आठवला की अजून तळहाताला घाम येतो. नऊ वर्षं जुन्या रबरावर काय झालं असतं ते मला माहीत करून घ्यायचं नाहीये. नंतर दिवसभर पीएसएमच्या बटणाला हात लावला नाही.

ब्रेकचं पेडल शेवटच्या सेशनपर्यंत तसंच कडक राहिलं, एकदाही स्पंजासारखं लागलं नाही. कूलंटचा काटा जागचा हलला नाही. टायरची हवा गरम झाल्यावर अर्ध्या बारने वाढली, ती पिटमध्ये कमी करायची आणि घरी निघताना गार झाल्यावर परत भरायची. प्रत्येक सेशनचा शेवटचा लॅप हळू, ब्रेक न वापरता, आणि उभी केल्यावर हँडब्रेक नाही, गिअरमध्ये ठेवायची. पेट्रोल मात्र बेसुमार जातं, ६४ लिटरची टाकी सकाळी पूर्ण भरली होती आणि जेवणाच्या सुट्टीत परत पंप गाठावा लागला.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी एवढंच, तुम्ही चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टाईला जा किंवा ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटला, गाडी पोलो असो नाहीतर ९११, ब्रेक फ्लुइडचं मात्र मुंबई-कोकणच्या पावसाळी हवेत तर आणखी मनावर घ्या. उघडलेला डबा वर्षभर शेल्फवर ठेवून परत वापरू नका, सीलबंदच घ्या.

गॅरेजला माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा गुण लेखी रिपोर्टचा कापला. दुसऱ्या दिवशी मुलीला घेऊन त्यांना पुढचे टायर दाखवायला गेलो होतो, बाहेरचा खांदा जरा खरवडलाय, पुढे कॅम्बर, म्हणजे चाकाचा आतला झुकाव, कमी आहे त्यामुळे. त्यांनी हात फिरवून बघितलं आणि म्हणाले अजून दोन ट्रॅक डे चालतील, सप्टेंबरमध्ये फ्लुइड तपासायला या. तारीख लिहून ठेवलीये.